माझ्या वाटणीचं

"पाय सुजल्यात, कवायत घेणारा उस्ताद रोज शिव्या घालतोय. मी सोडून येतो बघ," फोनवर इंद्रजित रडत होता.

बांधावर बसून सुदाम ऐकत होता. दोन वर्षं दोघं पहाटे कालव्याच्या रस्त्यानं एकत्र पळाले होते. इंद्रजितला पळायला शिकवलं सुदामनंच. सैन्यभरतीत सोळाशे मीटरला सुदाम पहिला आला, पण उंचीत एक सेंटिमीटर कमी भरला. ट्रेनिंगला इंद्रजित एकटाच गेला. फोनवर बोलायला त्याला रविवारी दहाच मिनिटं मिळायची.

"शिव्या कसल्या देतो?" सुदामनं विचारलं.

"तुला काय करायचंय?"

"सांग की. पाठीवर वजन किती देतात? बूट कसले असतात? सगळं सांग."

सांगता सांगता इंद्रजितचं रडू थांबलं.

"मी आनंदानं खाल्ल्या असत्या रे त्या शिव्या," सुदाम म्हणाला. "तू परत आलास तर माझ्या वाटणीचं कोण पळणार?"

तेवढ्यात तिकडे मागे शिट्टी वाजली.

"बोलावतायत. पुढच्या रविवारी लावतो," म्हणत त्यानं घाईनं फोन ठेवला.

सुदामनं मात्र फोन बराच वेळ कानाशीच धरला. ती शिट्टी त्याला आणखी एकदा ऐकायची होती.