रिकामी बाटली

कृत्रिम दात बसवायला जबड्यात घालतात ते टायटॅनियमचे स्क्रू तपासणाऱ्या बाईंचा स्वतःच्या सावलीवरही विश्वास नव्हता. स्क्रू चिमट्याने उचलून कृत्रिम लाळेच्या बाटलीत बुडवायचा, महिनाभर बाटली हलवत ठेवायची आणि मग लाळेत टायटॅनियमचे कण सुटलेत का ते बघायचं, हे त्यांचं काम. अलीकडे एकामागून एक तीन कंपन्यांच्या स्क्रूंच्या बाटल्यांत कण सापडले, तेव्हा सगळे एका माळेचे मणी, याची त्यांना खात्रीच पटली.

"मॅडम, एकदा स्क्रू न घालता बाकी सगळं नेहमीसारखं करून बघा ना," त्यातल्या एका कंपनीचा माणूस काकुळतीला येऊन म्हणाला.

चोराच्या उलट्या बोंबा, बाई मनात म्हणाल्या. पण त्याचं तोंड एकदाचं बंद व्हावं म्हणून त्यांनी तेही केलं. धुतलेली बाटली, ताजी लाळ, नुसता चिमटा बुडवून बाहेर. महिन्याने बघतात तर त्या बाटलीतही तेवढेच कण.

बाईंनी चिमटा भिंगाखाली धरला. स्टीलचा काय भरवसा, म्हणून त्यांनीच हट्टाने मागवलेला टायटॅनियमचा चिमटा. टोकं पार झिजली होती.

संध्याकाळी घरी आल्या तर वडील एकाच बाजूने चावत जेवत होते. दुसऱ्या बाजूचे, त्या माणसाच्याच कंपनीचे, घट्ट बसलेले दोन स्क्रू बाईंनी दोन महिन्यांपूर्वी भांडून काढायला लावले होते.

"बरं झालं पोरी, तू वेळीच पकडलंस," घास घोळवत वडील म्हणाले. "मी आपला कुणावरही विश्वास ठेवतो."