स्टुडिओतला लाकडी फोन

हिंगोलीत माणिकरावांच्या फोटो स्टुडिओत चौऱ्याहत्तर सालचा थाट अजून शाबूत आहे. नारिंगी गोल खुर्ची, भिंतीवर तपकिरी वर्तुळं आणि ऐटीत कानाला लावायचा लाकडी फोन. त्याला वायरच नाही, म्हणून राँग नंबरही नाही.

"तुमच्या वडिलांची नजर भारी होती," अल्बम चाळताना मी म्हणालो. खुर्चीतली माणसं छान हसत होती. फोन कानाला लावलेला मात्र एकही जण हसत नव्हता.

"हे काहून हो?"

"बाबा 'हसा' म्हनायचे बराबर," माणिकराव म्हणाले. "पन फोन घेतला की कुनी हसायचंच न्हाई."

तोवर माझी नात वैष्णवी खुर्चीत बसून फोन कानाला लावून मोकळी.

"हस की, पोरी," मी म्हणालो.

ती हसली नाही. "व्हय, इथंच हायेत," ती फोनात म्हणाली आणि रिसीव्हर माझ्याकडे धरला.

"आजोबा, तुमाला बोलावून राहिलेत."