दर तासाला एक ओळ

वैजयंतीने स्क्रीन मोठी करून पुन्हा पाहिली. तार भलत्याच डब्याला जोडलेली होती, आणि गेले आठ महिने तशीच होती.

समोर खुर्चीत भूपेंद्रशेठ बसले होते. दाराशी टोपी हातात घेऊन गिरधरकाका उभे होते. सुताला कांजी चढवायच्या या कारखान्याचा बॉयलर बावीस वर्षं त्यांनीच सांभाळला. शेठ त्यांना अगदी गोड आवाजात समजावत होते, की जमाना बदलला, आता मशीनवर मशीनच नजर ठेवते, तेव्हा उद्यापासून तुम्ही आराम करा; कोळसा टाकायला काय, कोणीही चालेल. वैजयंतीला त्यांनी एवढंच सांगितलं होतं, की मेलच्या यादीतून काकांचं नाव काढून टाक.

तेवढ्यासाठीच तिने तो प्रोग्राम उघडला. नोकरीला लागल्या लागल्या तिनेच तो बनवला होता. त्यात ओळीच्या ओळी लिहाव्या लागत नाहीत. स्क्रीनवर डबे मांडायचे आणि तारांनी जोडायचे. एक डबा बॉयलरचा दाब वाचतो, दुसरा तो बरोबर आहे की जास्त ते ठरवतो, तिसरा दर तासाला शेठच्या आणि काकांच्या फोनवर मेल धाडतो. मेलही साधासुधा, ना रंग ना चित्र. एकच ओळ: 'बॉयलर ठीक.' पहिल्या दिवशी मेल पोचतो का, एवढंच बघायला तिने ही ओळ, मधला ठरवणारा डबा वगळून, थेट मेलच्या डब्याला जोडली होती. मेल पोचला, शेठ खूश झाले, पेढे वाटले गेले, आणि तार बदलायची राहूनच गेली. म्हणजे बॉयलर फुटून छप्पर उडालं असतं, तरी फोनवर 'ठीक'च आलं असतं.

बॉयलरच्या भिंतीला लागून चौदा बाया सुताच्या कांड्या भरायला बसतात. त्यांत तिची आईही होती, मालूबाई. सगळ्या लालबाग वस्तीत पोरीच्या नोकरीचं कौतुक सांगत फिरणारी.

गुपचूप तार जोडून टाकावी, असंही तिच्या मनात आलं. दोन सेकंदांचं काम. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मग काका गेलेच असते, आणि आपण जोडलेल्या तारेवर तिचा स्वतःचाच भरवसा उरला नव्हता.

"शेठ," ती म्हणाली, "काकांना काढू नका. माझा मेल खोटा आहे. आठ महिन्यांत त्याने एकदाही बॉयलरकडे बघितलेलं नाही."

मग तिने तारेचं सगळं सांगून टाकलं, रडत रडत, एका दमात. शेठचा चेहरा लाल झाला, मग पांढरा पडला. त्यांनी फोन काढून मेल वर-खाली सरकवून पाहिले. सगळीकडे तेच, ठीक, ठीक, ठीक. मग ते काकांकडे वळले. मेल तर तुम्हालाही येत होता, तुमच्या काहीच कसं लक्षात आलं नाही, असं त्यांनी विचारलं.

काका सांगू लागले, की पहिल्याच महिन्यात एकदा दाबाचा काटा लाल रेघेच्या वर चढला होता. ते धावतपळत वाफ सोडत होते, आणि तेवढ्यात खिशातला फोन वाजला: बॉयलर ठीक. त्या दिवसापासून ते तासाला एकदा बघायचा काटा दोनदा बघत आले.

"मग तेव्हाच बोलले का नाही?" शेठनी विचारलं.

"पोरगी नवी होती, शेठ. बोललो असतो तं आज जसं मले काढता, तसं तुम्ही त्या दिवशी तिले काढलं असतं."