दौलतरावांची एकवीस गाणी

मारुतरावांनी स्पीकरची वायर उपटली, गुंडाळली आणि सरळ सदऱ्याच्या खिशात घातली. पाडव्याची सकाळ होती. इंदुताई हातात मोबाइल घेऊन तशाच उभ्या राहिल्या. थोरल्या दिरासमोर तोंड वर करून बोलायची या घरात रीत नव्हती, आणि तीस वर्षांत त्यांनी ती एकदाही मोडली नव्हती.

नवऱ्याला, दौलतरावांना, जाऊन तीनच महिने झाले होते. घरातली पहिली दिवाळी दुखाची. म्हणून कढई चढली नाही, आकाशकंदील माळ्यावरच राहिला, फराळाचे डबे भावकीतून आले. इंदुताईंनी सगळं मुकाट पाळलं. गाण्यांचं मात्र त्यांना पाळायचं नव्हतं.

आता ही गाण्यांची काय भानगड? तर लेक प्राजक्ता लग्न करून जर्मनीला गेली, त्याला सात वर्षं झाली. तेव्हापासून दर दिवाळीला बापाच्या मोबाइलवरून लेकीला एकवीस गाण्यांची यादी जायची. पाडव्याला चाकणच्या घरात आणि तिकडे तिच्या घरात ती एकाच वेळी लागायची. इकडे अकरा वाजलेले, तिकडे जेमतेम उजाडलेलं, आणि व्हिडिओ कॉल चालू. दौलतराव एरवी फोनवर बोलायचेच नाहीत, नुसती मान हलवायचे. पण त्या दिवशी स्पीकरला खेटून बसायचे, मांडीवर ठेका धरायचे आणि गुणगुणणाऱ्या इंदुताईंकडे टक लावून बघायचे. या वयातही बायकोवरून नजर हटत नाही गड्याची, म्हणून भावकी खिदळायची. माणूस अबोल, पण आवड राजाची, असं मारुतराव स्वतः चार लोकांत सांगत सुटायचे.

यंदा प्राजक्ताने यादी मागितली नाही. फोन केला की ती नुसती रडायची. बाबांशिवाय कसली दिवाळी, म्हणायची. ते ऐकून इंदुताईंचा जीव तुटायचा. आठ दिवस खपून त्यांनी एकवीस गाणी जमवली आणि आज सकाळी लेकीला धाडून दिली. एवढ्या लांब पोरीनं सणाच्या दिवशी सुन्या घरात बसू नये, एवढंच त्यांना हवं होतं.

कॉल लागला. पडद्यावर प्राजक्ता आली, डोळे सुजलेले. मारुतरावांनी पुढे होऊन पुतणीची समजूत काढली. दुखाच्या वर्षात घरात गाणं वाजत नाही, लोक नावं ठेवतील, असं बरंच काही सांगितलं. मग आवाज जड करून म्हणाले, “दौलतची आवड दौलतबरोबर गेली. त्याच्या माघारी त्या यादीला कुणी हात लावायचा न्हाई. त्यो त्याचा अपमान हाय.”

प्राजक्तानेही मान डोलावली. यादी तिला मिळाली होती, पण तिने ती उघडलीही नव्हती. ती बाबांची गाणी नाहीत आई, मला नकोत, असं ती हळूच म्हणाली.

दिराचं बोलणं इंदुताईंनी गिळलं असतं. लेकीचं ऐकलं आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी मोबाइल टेबलावर उभा केला, मारुतरावांसमोर गेल्या आणि हात पुढे केला.

“वायर द्या, भावजी.”

जाऊबाईंनी मागून पदर ओढला, तो इंदुताईंनी सोडवून घेतला. हात काही खाली आला नाही. अखेर मारुतरावांनीच पुटपुटत खिशात हात घातला. इंदुताईंनी वायर जोडली. मग त्या लेकीकडे वळल्या. दौलतरावांनी त्यांना गळ्याची शपथ घातली होती, आणि दहा वर्षं त्यांनी ती पाळली होती. आता गेलेल्या माणसाला कंपनीतल्या मशीनवरून कोण काढणार होतं?

त्यांनी सगळं सांगून टाकलं. कंपनीत पत्रे दाबायच्या प्रेसच्या धडधडीत तुझ्या बाबांचे कान गेले, म्हणाल्या. ओठ बघून माणसाचं बोलणं कळायचं, पण गाणं म्हणजे नुसती घरघर. नोकरी जाईल म्हणून लपवलं, पुढं लाजेनं लपवलं. तुला कळलं तर तू तिकडं झुरशील, म्हणून तुझ्यापासून तर फारच लपवलं.

मारुतराव खुर्चीचा हात धरून सावकाश खाली बसले.

“सात वर्षं तू तुज्या आईची गाणी ऐकतीयास, पोरी,” इंदुताई म्हणाल्या. “लाव आता.”