आवाज न चढवता

कॉलेजच्या पोरांना भांडण न करता भांडण मिटवायला शिकवावं तर सरांनीच. त्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. शिबिराची सुरुवात ते नेहमी स्वतःच्या घरापासून करत. "लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आमच्या घरात कुणाचा आवाज म्हणून चढलेला नाही."

या वेळी समोर बसलेल्या पोरांत त्यांची लेकही होती. शेवटच्या तासाला घरातला एखादा वाद दोघांनी करून दाखवायचा होता. लेक स्वतः बाबा झाली आणि मैत्रिणीला तिनं आई केलं.

"हे बघ, मी रागावलेलो नाही," लेक अगदी मऊ आवाजात म्हणाली. "मला फक्त वाईट वाटलं. नोकरी धरायचं तू एकटीनंच ठरवलंस. आता आपण दोघं मिळून ठरवू, की तू नोकरी करायची नाही. पटतंय ना?"

मैत्रीण खाली मान घालून ओढणीची घडी घालत राहिली.

"सूर झकास पकडलास," सर कौतुकानं म्हणाले. "आरोप नाही, आरडाओरडा नाही. पण बेटा, संवाद म्हटला की दोन्ही बाजू बोलायला हव्यात. मैत्रिणीला तू वाक्यंच दिली नाहीस."

 

"दिलीत की, बाबा. आईला असतात तेवढी सगळी दिलीत."