दोष बटणाचा

“बाई, दोष बटणाचा होता,” लेस्ली बॅगशॉ म्हणाला. चहाचा कप त्याने टेबलावर ठेवला.

इंग्लंडमधल्या डर्बीच्या त्या हॉटेलात वर्षातून एकदा ‘कॅप्टन ऑर्लो’ या कालप्रवासाच्या जुन्या टीव्ही मालिकेचे चाहते जमत. चहाच्या दालनात कुणी चंदेरी पोशाखात होतं, कुणी तोंडाला हिरवा रंग फासून आलं होतं. थेल्मा क्रॉफ्ट कोपऱ्यातल्या टेबलाशी साध्या स्वेटरमध्ये एकटीच बसली होती. तिने वर पाहिलं.

“कुठलं बटण?”

तोंड तर उघडलं होतं, आता मागे फिरायची सोय नव्हती. लेस्लीने आपलं नाव सांगितलं आणि तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला.

हा लेस्ली म्हणजे चाहत्यांच्या मासिकाचा समीक्षक. ऑर्लोची मालिका टीव्हीवरून केव्हाच गेली होती, पण त्याच्या नव्या सफरी ध्वनिनाट्यांच्या रूपाने दर महिन्याला सीडीवर निघत. लेस्लीची मतं दगडावरची रेघ. टीव्हीवरच्या राक्षसाच्या पाठीला चेन दिसते, कानांनी पाहिलेला राक्षस कधीच खोटा वाटत नाही, असं तो म्हणे. म्हणून टीव्हीला त्याच्याकडून शंभर गुन्हे माफ, ध्वनिनाट्याला एकही नाही. त्याने एखाद्या नाटकाला पाचपैकी दोन तारे दिले की ती सीडी दुकानात धूळ खात पडे, आणि याचा त्याला, खरं सांगायचं तर, अभिमान होता.

चार वर्षांपूर्वी थेल्माचं पहिलं नाटक आलं, ‘शेवटचं दीपगृह’. शाळेच्या स्वयंपाकघरात दिवसभर बटाटे सोलून, उरल्या वेळात तिने ते सहा वर्षं लिहिलं होतं, असं सीडीवरच्या तिच्या परिचयातही छापलं होतं. लेस्लीने त्याला एक तारा दिला. ‘मेलेली माणसं पुढच्या प्रवेशात चहा पितात,’ त्याने लिहिलं. ‘कालप्रवासाची गोष्ट म्हणजे वाट्टेल ते नव्हे. बाईंनी आपले बटाटेच सोलावेत.’ दोन वाचकांनी बिचकत कळवलं, की आम्हाला तर सगळं नीट समजलं. त्यांना त्याने छापील उत्तर दिलं : कान साफ करून घ्या. कंपनीने थेल्माकडून पुन्हा नाटक मागवलं नाही.

“गेल्या नाताळात माझी बहीण आली, एनिड,” लेस्ली सांगू लागला. “तिने नाताळच्या गाण्यांची सीडी लावली. आणि म्हणते कशी, ‘अरे, हे तर शेवटचं गाणं, आधीच कसं लागलं?’ मग यंत्रापाशी वाकली. ‘शहाण्या, तुझं शफल चालू आहे! तुकडे मनाला येतील तसे वाजतायत.’”

“म्हणजे?” थेल्माने विचारलं.

“म्हणजे एक बारका हिरवा दिवा कायम पेटलेला असायचा. मला वाटायचं, यंत्र चालू असल्याचा आहे.” त्याने मान खाली घातली. “तुमचं नाटक मी उलटसुलट ऐकलं, बाई. शेवट आधी, सुरुवात मधे.”

एनिड गेल्यावर त्याने ते बटण बंद केलं आणि ‘शेवटचं दीपगृह’ पहिल्यापासून लावलं. मेल्यावर कुणी चहा पीत नव्हतं. दीपगृहातली म्हातारी स्वतःच्या हाताने दिवा का मालवते, हे कळलं तेव्हा साठीचा हा बाप्या एकटाच हमसून रडला. त्या दिवसापासून त्याला घास गोड लागेना. तीनदा पत्र लिहिलं, तीनदा फाडलं.

“मी तुमचं वाटोळं केलं,” तो म्हणाला. “हवं ते बोला मला.”

 थेल्माला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते तिने कागदी रुमालाने टिपलं.

“चार वर्षं!” ती म्हणाली. “चार वर्षं मी ते नाटक परत परत वाचतेय. म्हटलं, नाटकातला मेलेला माणूस चहा पितो तरी कुठे? नवऱ्याला शोधायला लावलं. तोही बिचारा पानं उलटून थकला.”

लेस्लीही हसला. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलल्यासारखं त्याला वाटलं. एका साध्या बटणाची चूक, दुसरं काय! तो भराभर बोलू लागला. पुढच्या अंकात पहिल्याच पानावर जाहीर माफी. बटणाची सगळी हकीकत. पाच तारे. कंपनीलाही पत्र, की या बाईंना नाटक द्या.

“छापा,” थेल्मा म्हणाली. “मला आवडेल. नवं नाटक अर्धं लिहून ठेवलंय, पुढे हात धजत नव्हता.” तिने चहाबरोबरच्या स्कोनची, म्हणजे छोट्या गोड पावांची, बशी त्याच्यापुढे सरकवली. “घ्या. पण एक सांगा, ते यंत्र तुमच्याकडे कधीपासून आहे?”

“झाली नऊ वर्षं. सगळी नाटकं त्याच्यावरच ऐकतो मी.”

“माझ्या नाटकानंतर पुढच्याच महिन्यात हार्ग्रीव्हसाहेबांचं ‘उलटी भरती’ आलं होतं. तेही?”

हार्ग्रीव्ह म्हणजे ऑर्लोच्या लेखकांतलं सगळ्यात मोठं नाव. लेस्लीने अर्धा स्कोन तोंडात टाकला होता. त्याने मान हलवली. हो, तेही.

“मी ऐकलंय ते,” थेल्मा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, हसूही नव्हतं. “आमच्या घरच्या यंत्रावर. सरळ सुरू होतं, सरळ संपतं.”

लेस्लीचं चावणं थांबलं.

“मग त्याला पाच तारे देऊन तुम्ही असं का लिहिलंत, मिस्टर बॅगशॉ, की ‘शेवट आधी आणि सुरुवात मधे ठेवायची ही छाती फक्त हार्ग्रीव्हचीच’?”