चाळिसावी निरोगी बाई

दुपारचे अडीच वाजले होते आणि डॉ. सुकेशनीला अजून एक निरोगी बाई हवी होती.

सरकारी दवाखान्यात निरोगी बाई सापडणं सोपं नसतं. तोंडाच्या कॅन्सरच्या चाळीस बाया तिला दीड वर्षात मिळाल्या होत्या. त्या काय, येतच होत्या. त्यांना तिच्या एम.डी.च्या प्रबंधात ‘केस’ म्हणायचं. पण त्यांच्याच वयाच्या, तो आजार नसलेल्या चाळीस बायाही लागत होत्या. त्या ‘कंट्रोल’. दोन्हीकडच्या बायांना एकच विचारायचं: दातांना तंबाखूची मिश्री लावता का, किती वर्षं, दिवसातून किती वेळा. मग दोन्हीकडचे आकडे शेजारी मांडून मिश्रीने किती फरक पडला ते बघायचं. तिचे मार्गदर्शक सर वर्गात म्हणायचे, खरं तर उलट करायला हवं. धडधाकट बायांच्या मागे वीस-वीस वर्षं राहून कुणाला काय होतं ते बघत जायला हवं. पण तीन वर्षांच्या शिक्षणात कोण कुणाच्या मागे वीस वर्षं फिरणार? म्हणून मागचं विचारायचं आणि मोकळं व्हायचं. प्रबंधाची मुदत दहा दिवसांवर आली होती, सर उद्यापासून रजेवर जाणार होते आणि सगळे फॉर्म त्यांना आज संध्याकाळी हवे होते.

निरोगी बाया गाठायची सुकेशनीची एक पद्धत होती. रोग्याच्या सोबतीला आलेली बाई धरायची. ती दुसऱ्याचं करायला आलेली असते, म्हणजे तिला स्वतःला काही नसणार.

हाडांच्या वॉर्डात मुंजाबा मोडका पाय प्लास्टरमध्ये घालून पडला होता. सोयगावकडचा, शेळ्या राखणारा. त्याच्या उशाशी त्याची बायको कस्तुराबाई बसली होती. सुकेशनीने स्टूल ओढलं आणि ‘तोंडाच्या आजाराचा अभ्यास आहे, निरोगी बाई म्हणून तुमचं लिहिते’ हे नेहमीचं सांगितलं. फॉर्मच्या शेवटी ‘तोंडाची तपासणी : निरोगी’ असं छापलेलं होतं, त्यापुढच्या चौकोनात तिने सवयीने आधीच खूण केली आणि मग प्रश्न सुरू केले.

“मावशी, मिश्री लावता?”

“कोन लावत नाय?”

“किती वर्षं झाली?”

“लगीन झालं तवापास्नं. सासूनंच शिकवली.”

“दिवसातून किती वेळा?”

“ती काय मोजायची चीज हाय का बाई?”

“उठल्यावर, जेवल्यावर, अन् माझ्याशी भांडन झाल्यावर,” मुंजाबा पडल्या पडल्या म्हणाला. “धा तरी लिवा.”

सुकेशनीने चार लिहिलं, कस्तुराबाईचा अंगठा घेतला आणि उठली. पाय भरून आले होते. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं.

“झालं?” मुंजाबाने विचारलं.

“झालं बाबा. चाळीस पुऱ्या झाल्या.”

“अन् तोंड?”

“कुणाचं?”

“तोंडाच्या आजाराचं लिवता म्हनलात ना? आमी बाजारात शेळी घेतो तर आदुगर तिचं तोंड उघडून बघतो. मालक काय सांगल ते सांगू द्या. तुमी तर हिला निस्तं इचारूनच सोडली.”

“मी काय शेळी हाय व्हय?” कस्तुराबाई तोंडाला पदर लावून हसली.

सुकेशनीलाही हसू आलं. म्हाताऱ्याचं मन कशाला मोडा, म्हणून तिने मोबाईलचा उजेड पाडला. “आ करा मावशी.”

डाव्या गालाच्या आत रुपयाएवढा पांढरा डाग होता. तिला वाटलं, काही खाल्लेलं चिकटलं असेल. तिने कापसाने पुसला. निघाला नाही. पुन्हा पुसला.

“दुखतं का?”

“नाय. काय हाय?”

लपवण्यासारखं काही नव्हतं, आणि लपवायचं त्राणही तिच्यात उरलं नव्हतं. “पांढरा डाग आहे. कॅन्सरच असेल असं नाही. पण बारीक तुकडा काढून तपासावा लागेल. आजच खाली दातांच्या विभागात दाखवून या.” तिने चिठ्ठी लिहिली.

“मंग ह्यांच्यापाशी कोन बसल?” कस्तुराबाईने विचारलं.

“सिस्टरना सांगते मी,” सुकेशनी म्हणाली, आणि सांगून बाहेर पडली.

जिन्यात येऊन तिने फॉर्मवरची खूण खोडली. मग बाकीचे एकोणचाळीस फॉर्म काढले. सगळ्यांवर तीच खूण होती, प्रश्न विचारायच्या आधी केलेली. एकीच्याही तोंडात तिने बघितलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली. तेवढ्यात सरांचा फोन आला.

“झाले का चाळीस?”

“नाही सर.”

“अगं, एका कंट्रोलसाठी काय अडून बसलीस? कुणालाही धर आणि ये.”

“एकीचंच नाही सर, सगळ्यांचंच राहिलंय,” ती म्हणाली. तिने फोन ठेवला.

ती पायरीवरच बसली. पहिला फॉर्म दीड वर्षापूर्वीचा होता. आवडाबाई, वय पंचावन्न, दौलताबाद, नंबर मुलाचा. मुलाने फोन उचलला आणि आईकडे दिला.

“आवडाबाई, मी डॉक्टर सुकेशनी. दवाखान्यात तुम्हाला मिश्रीचं विचारलं होतं, आठवतं?”

“आठवतं की! बोला ताई.”

“जरा आरशासमोर जाता का? आ करून गालाच्या आत बघा. पांढरं काही दिसतंय का?”

“बघायचं कशाला?” आवडाबाई मोकळेपणाने हसली. “ह्यो पोरगा रोज म्हनतो, मिश्री सोड, मिश्री सोड. मी त्याला सांगते, डॉक्टरनीनं लिहून नेलंय, माझं तोंड चांगलं हाय.”